महिन्याच्या गोळ्या

मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात एसटी थांबली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी माणसांचा दवाखाना तुटला. दवाखान्याला कुलूप नव्हतं. प्राथमिक आरोग्य केंद्रं उघडी होती, डॉक्टर जागेवर होते, बऱ्याच ठिकाणी कपाटात गोळ्याही होत्या. पण गावाकडच्या बीपी-शुगरवाल्या माणसाचा उपचार चालायचा तो वेगळ्याच रीतीने. आठवडे बाजाराच्या दिवशी सकाळची गाडी धरायची, भाजी घ्यायची, केसपेपर दाखवून प्रेशर मोजून घ्यायचं, महिन्याच्या गोळ्या पिशवीत टाकायच्या आणि दुपारच्या गाडीने घरी. साताऱ्याकडे एसटी चुकली तर वडाप असायचं. आता बाजारही बंद, वडापही बंद. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात एसटी पुन्हा धावायला लागली ती २० ऑगस्टला, आणि घरातल्या गोळ्या होत्या तीस दिवसांच्या.

कोविडच्या आठवणी आपण ऑक्सिजनच्या सिलिंडरभोवती, रेमडेसिविरच्या रांगांभोवती आणि स्मशानातल्या टोकनांभोवती गोळा केल्या, ते स्वाभाविकही आहे. हा लेख त्या काळात कोविड न झालेल्या, किंवा उशिरा झालेल्या माणसांबद्दल आहे. त्यांचा आजार आधीचा होता आणि साथ ओसरल्यावरही राहणार होता. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२०मध्ये १५५ देशांत चौकशी केली, तेव्हा ५३ टक्के देशांनी उच्च रक्तदाबाची सेवा पूर्ण किंवा अंशतः विस्कळीत झाल्याचं सांगितलं. मधुमेहासाठी हा आकडा ४९ टक्के होता. भारतात या आजारांचा पसारा किती, हे आयसीएमआरच्या 'इंडियाब' अभ्यासाने २०२३मध्ये सांगितलं: सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि ३१.५ कोटी उच्च रक्तदाबाचे. म्हणजे बहुतेक घरांत कोणी ना कोणी आहेच.

या आजारांची एक अडचण अशी की गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी काही होत नाही. आठवड्यानेही होत नाही. ॲम्लोडिपिन बंद झाल्यावर प्रेशर हळूहळू चढतं आणि माणूस शेतात, रोजगार हमीवर, स्वयंपाकघरात नेहमीसारखा वावरत असतो. गोळ्या नाहीत तरी बरं चाललंय म्हटल्यावर त्या लागतच नव्हत्या, असंही घरात कोणीतरी ठरवून टाकतं. मग सहा महिन्यांनी, वर्षाने एका बाजूचा हात उचलत नाही, आणि त्या लकव्याच्या कागदावर लॉकडाऊनचा उल्लेख कुठेच नसतो. साथीच्या रोजच्या पत्रकात हे रुग्ण येणं शक्यच नव्हतं. इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलांचं तसं नाही. तिथे काही दिवसांचा खंड जिवावर बेततो. त्या मुलांचे आईबाप पोलिसांची काठी चुकवून मेडिकलपर्यंत गेले, ते या हिशेबानेच.

सरकारला हे कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. १४ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अत्यावश्यक आरोग्यसेवा चालू ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. जुन्या आजाराच्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधं एकदम द्यावीत, शक्य तिथे आशा स्वयंसेविकांमार्फत घरपोच करावीत, असं त्यात स्पष्ट होतं. कागद चांगला होता. पण तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायच्या तर कपाटात तिप्पट साठा हवा, आणि ज्या राज्यात सरकारी औषधखरेदीला उशीर ही साथीआधीपासूनची जुनी तक्रार, तिथे तो कुठून येणार? शिवाय घरपोच म्हणजे नक्की कोणाच्या घरी, हे कळायला नावं हवीत. मला वाटतं, त्या काळात कोण तरलं आणि कोण तुटलं याचं उत्तर बरंचसं या नावांच्या यादीत आहे.

सपाटीवर तीस हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा आपला निकष. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी केंद्रामागची माणसं याहून जास्त. तेवढ्याच कर्मचाऱ्यांवर मार्च-एप्रिलपासून काय काय आलं ते आठवून पाहा: बाहेरून आलेल्यांच्या हातावर शिक्के, विलगीकरणातल्यांची रोजची चौकशी, संपर्कातल्यांचा शोध, प्रतिबंधित क्षेत्रात घरोघर सर्वेक्षण, स्वॅब, कोविड सेंटरची पाळी, आणि रात्री उशिरापर्यंत ऑनलाइन माहिती भरणं. असंसर्गजन्य आजारांच्या क्लिनिकचे समुपदेशक आणि नर्सही या कामाला जुंपले गेले. रोजचा अहवाल वर जायचा तो कोविडचा, आणि अहवालात जे मागितलं जातं तेच काम खालपर्यंत पोचतं. बीपीचे किती रुग्ण या महिन्यात आले नाहीत, हे वरून कोणी विचारत नव्हतं.

तरीही काही ठिकाणी वेगळं घडलं. नोव्हेंबर २०१७मध्ये सुरू झालेल्या 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' या कार्यक्रमात पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले पंचवीस जिल्हे घेतले होते. त्यात महाराष्ट्रातले चार: सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. कार्यक्रमाची कल्पना साधी आहे. तीनच औषधं, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन, ठरलेल्या पायऱ्यांनी द्यायची. प्रत्येक डॉक्टरची वेगळी आवड नाही, म्हणून खरेदीही सोपी. रुग्णाला कार्ड, केंद्रात त्याच्या नावाची नोंद, आणि तारखेला आला नाही तर फोन किंवा घरी फेरी. साथ आली तेव्हा या जिल्ह्यांत निदान कोण आलं नाही हे कळण्याची सोय होती. कार्यक्रमाने गोळ्या तालुक्यावरून उपकेंद्रापर्यंत खाली आणल्या, एका वेळी जास्त दिवसांच्या द्यायला सुरुवात केली, आणि जमेल तिथे त्या आशाताईंच्या पिशवीतून घरापर्यंत गेल्या. साथीने खंड पाडलाच, पण धागा तुटला नाही. २०२२मध्ये या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा प्राथमिक आरोग्यसेवेसाठीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा चौतीस लाखांहून जास्त माणसं सरकारी केंद्रांतून त्यात उपचार घेत होती.

सिंधुदुर्गाचं मात्र एवढ्यावर भागत नाही, कारण मे २०२०मध्ये चाकरमानी गावी आले. मुंबईत कामं गेली होती, खोल्या दहा बाय दहाच्या, आणि आजार दाराशी. मिळेल त्या गाडीने, कोणी चालतही, कोकणात उतरले. गावाने त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलं. त्यांच्यात पन्नाशी-साठीची माणसं होती, गिरणगावातल्या किंवा विरार-नालासोपाऱ्याच्या खाजगी डॉक्टरकडून वर्षानुवर्षं गोळ्या घेणारी. केसपेपर मुंबईत, डॉक्टरचा दवाखाना बंद, आणि खिशात गोळ्यांचं रिकामं पाकीट. काहींजवळ तेही नाही. औषधाचं नाव विचारलं तर सकाळची पांढरी, रात्रीची अर्धी. अशा माणसाला गावच्या केंद्रात नव्याने तपासायला हवं, पण तो विलगीकरणात, म्हणून त्याच्याजवळ जायला सगळे बिचकणार. त्याचं नाव गावच्या यादीत नाही कारण तो मुंबईचा, आणि मुंबईच्या कुठल्याच यादीत नाही कारण तो खाजगीत जाणारा. तीन महिन्यांनी गणपतीला पुन्हा तोच प्रकार झाला, फक्त विलगीकरण दहा दिवसांचं झालं.

याच जिल्ह्याची दुसरी गोष्ट सीमेची. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले इथल्या माणसाला आजार थोडा बळावला की तो ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापेक्षा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे बघतो. तिथे जाणं जवळचं आणि सवयीचंही, आणि सिंधुदुर्गात तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. हृदयाचे, मूत्रपिंडाचे, कर्करोगाचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जात आले. लॉकडाऊनमध्ये गोव्याने सीमा बंद केली आणि पत्रादेवीच्या नाक्यावर हा सगळा व्यवहार अडला. गोव्याचं त्या वेळचं भय समजण्यासारखं होतं. पण शेजारच्या राज्यातल्या इस्पितळावर अर्धा जिल्हा अवलंबून आहे, हे आपल्या कुठल्याही आपत्ती आराखड्यात लिहिलेलं नसावं, याची जबाबदारी गोव्यावर टाकता येत नाही.

यादीचं महत्त्व आणखी दोन आजारांनी दाखवलं. देशात एचआयव्हीसह जगणारी सर्वाधिक माणसं महाराष्ट्रात आहेत. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्यांत खंड पडून चालत नाही, हे एचआयव्ही कार्यक्रमाच्या हाडीमासी भिनलेलं. प्रत्येकाची नोंद, फोन नंबर आणि पुढची तारीख केंद्राकडे असते. म्हणून लॉकडाऊन लागताच एका वेळी अनेक महिन्यांचा साठा देण्याचा निर्णय झाला, आणि बाधितांच्या स्वतःच्या संघटनांनी, समुपदेशकांनी गुपित सांभाळून गोळ्या घरोघर पोचवल्या. या आजाराला समाजाने कलंक लावला. तरी औषध मिळण्याच्या बाबतीत साथीच्या पहिल्या तीन महिन्यांत हे रुग्ण मधुमेह्यांपेक्षा बरे राहिले असतील, तर त्याचं श्रेय अनेक वर्षांच्या शिस्तीला आहे.

क्षयरोगाचं अर्धंच जमलं. उपचारावर असलेल्यांची नावं होती, त्यांना औषधं पोचवता आली. पण ज्यांना क्षय आहे हे अजून ठरायचं होतं, ते हरवले. निदानासाठीची सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रं कोविडच्या चाचण्यांकडे गेली. आणि खोकला ही त्या दिवसांत लपवायची गोष्ट झाली. केंद्रात जाऊन खोकलो तर आपल्याला उचलून नेतील, घराला पत्रे ठोकतील, वाडीत बोभाटा होईल, या धास्तीने माणसं घरीच काढे पीत राहिली. २०१९मध्ये देशात क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२०मध्ये ती १८ लाखांवर आली. सहा लाख माणसं बरी झाली नव्हती, फक्त मोजली गेली नव्हती. नोंद पुन्हा २४ लाखांच्या पुढे जायला २०२२ साल लागलं. मधल्या दोन वर्षांत त्यांच्यापैकी अनेकांनी घरातल्यांनाही तो आजार दिला असणार.

डायलिसिसवाल्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्या हालांवर तेव्हा वर्तमानपत्रांत बरंच आलं. आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर जावं लागतं, आणि प्रत्येक सेंटर कोविड निगेटिव्हचा कागद मागू लागलं. अहवाल यायला दीड-दोन दिवस, तोवर अंगावर सूज. सेंटरमधला एक रुग्ण पॉझिटिव्ह निघाला की सेंटरच बंद, आणि बाकीच्यांची वणवण सुरू.

आता खाजगी डॉक्टर. गावातला किंवा चाळीखालचा बीएएमएस, बीएचएमएस, क्वचित एमबीबीएस डॉक्टर हीच महाराष्ट्राची खरी प्राथमिक सेवा आहे, सरकारी आकड्यांत ती दिसत नसली तरी. लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यांत त्यांच्यातल्या अनेकांनी शटर खाली ओढलं. त्यांना भित्रे म्हणून आपण तेव्हा मोकळे झालो. पण साठीचा डॉक्टर, स्वतः मधुमेही, दहा फुटांच्या खोलीत खोकणाऱ्या माणसांसमोर बसलेला, एन-९५ मिळत नाही, पीपीई किटचं नावच पहिल्यांदा ऐकलेलं, हे चित्रही लक्षात घ्यायला हवं. धारावीत खाजगी डॉक्टर महापालिकेबरोबर घरोघर तपासणीला उतरले, ते याच काळात.

नवी मुंबईतल्या एका आयुर्वेद डॉक्टरांची गोष्ट न्यायालयाच्या कागदांतच आहे. मार्च २०२०च्या अखेरीस महापालिकेने त्यांना दवाखाना चालू ठेवण्याची नोटीस दिली. न ठेवल्यास गुन्हा. त्यांनी चालू ठेवला. जूनमध्ये ते कोविडने गेले. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी जाहीर झालेला पन्नास लाखांचा विमा पत्नीने मागितला, तेव्हा उत्तर मिळालं की ते सरकारी सेवेत नव्हते आणि त्यांची सेवा कोविडसाठी अधिग्रहित केलेली नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२१मध्ये तेच मान्य केलं. डिसेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र हा अर्थ नाकारला: त्या वेळचे कायदे आणि आदेश पाहता डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहित झाल्या होत्या, प्रत्येकाला वेगळा हुकूम मिळालाच पाहिजे असं नाही, कामावर असतानाच मृत्यू आला का, हे पुराव्यावर ठरवावं. हे ठरायला पाच वर्षं लागली. पुढच्या साथीत असा डॉक्टर शटर उघडं ठेवेल की नाही, याचा विचार करताना हा निकाल आणि ही पाच वर्षं, दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर असतील.

नोंद नसल्याची किंमत मे २०२१मध्ये दिसली. दुसऱ्या लाटेत कोविडमधून उठलेल्या माणसांच्या गालाला सूज, डोळा लाल, टाळू काळी पडू लागली. म्युकरमायकोसिस, लोकांनी काळी बुरशी म्हटलं. महाराष्ट्र आणि गुजरात यांत सगळ्यात जास्त रुग्ण. अनेकांचा डोळा काढावा लागला, वरचा जबडा काढावा लागला. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी रेमडेसिविरसारख्याच रांगा. कारणं एकाहून जास्त होती, पण रुग्णांच्या कागदांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसत: आटोक्याबाहेर गेलेली साखर आणि स्टेरॉइड. डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरचे जीव वाचवले, हे खरंच. तेच औषध साखर झपाट्याने चढवतं, आणि गरज नसताना, जास्त दिवस, घरच्या घरीही दिलं गेलं. काळ्या बुरशीच्या रुग्णांत कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे कोविड वॉर्डातच कळलं, आणि कित्येकांची साखर वर्षभर मोजलीच गेली नव्हती. राज्याने महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून या आजाराचे उपचार मोफत केले, तेही आवश्यकच होतं. पण ग्लुकोमीटरच्या एका पट्टीचा खर्च आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च शेजारी मांडून पाहावेत.

मधुमेह्यांची घरोघर यादी महाराष्ट्राने केलीच नव्हती असं मात्र नाही. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम झाली. आशा आणि दोन स्वयंसेवक अशी पथकं घरोघर गेली. ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोग कोणाला आहे हे विचारून लिहून घेतलं. एवढ्या मोठ्या राज्यात इतक्या थोड्या दिवसांत सहव्याधींची अशी विचारपूस पूर्वी झाली नव्हती. मोहिमेचा उद्देश कोविडचा धोका असलेली माणसं ओळखणं हा होता आणि तेवढाच राहिला. तीच वही घेऊन पुढच्या महिन्यात गोळ्यांची पिशवी त्या घरी गेली असती तर ही मोहीम इतिहासात वेगळ्या कारणाने नोंदली गेली असती. त्यातली गंमत पुढे १ मार्च २०२१ला कळली. पंचेचाळीस ते एकोणसाठ वयोगटात ज्यांना सहव्याधी आहे त्यांनाच लस मिळणार होती. केंद्राने वीस आजारांची यादी दिली आणि नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र मागितलं. म्हणजे पाच महिन्यांपूर्वी सरकारी पथकाने ज्याच्या दारात उभं राहून आजार लिहून घेतला, तोच माणूस आता तो आजार सिद्ध करायला डॉक्टरच्या दारात उभा. महिनाभराने पंचेचाळीसवरच्या सगळ्यांना लस खुली झाली, म्हणून हा प्रकार लवकर विसरला गेला.

या सगळ्यात आशाताई येते आणि जाते, कारण प्रत्येक कामाच्या तळाशी तीच आहे. राज्यात त्यांची संख्या सुमारे सत्तर हजार. त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत, त्यांना कामागणिक मोबदला मिळतो. कोविडच्या कामाचे तेव्हा केंद्राकडून महिन्याला हजार रुपये. दिवसभर सर्वेक्षण केल्यावर त्याच पिशवीत बीपीच्या गोळ्या टाकून न्यायच्या, तर त्या फेरीचे पैसे कोणत्या रकान्यात, हे ठरलेलं नसे. जून २०२१मध्ये त्यांनी संप केला, तेव्हा कुठे मानधनात वाढ आणि कोविड भत्ता पदरात पडला. पुढच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा सन्मान दिला. सन्मानाचं स्वागत, पण जुन्या आजाराच्या रुग्णाला दरमहा भेटण्याचा नियमित मोबदला हा त्याहून उपयोगी सन्मान ठरला असता.

फोनवरच्या डॉक्टरकीचंही पुष्कळ कौतुक झालं. २५ मार्च २०२०ला टेलिमेडिसिनची नियमावली आली, एप्रिलमध्ये ई-संजीवनीची ओपीडी सुरू झाली. जुनं औषध पुढे चालू ठेवायला ती बरी. पण प्रेशर फोनवर मोजता येत नाही, पायाची जखम कॅमेऱ्यात नीट दिसत नाही, आणि दोडामार्गच्या एखाद्या वाडीत रेंजसाठी माणसाला टेकडी चढावी लागते. ई-संजीवनी तिथेच चालली जिथे रुग्णाशेजारी नर्स किंवा समुदाय आरोग्य अधिकारी बसलेला होता. यंत्राचं काम तेवढंच आहे.

साथीनंतर काही हललं, हे नोंदवायला हवं. मुंबईत २०२१च्या पाहणीत प्रौढांपैकी ३४ टक्के रक्तदाबाचे आणि १८ टक्के मधुमेहाचे निघाले, आणि महापालिकेला या आजारांकडे वळावंच लागलं. २०२२पासून शहरात 'आपला दवाखाना' उघडू लागले. काम संपवून येणाऱ्यासाठी रात्री दहापर्यंत चालणारा दवाखाना ही लहान गोष्ट नाही. मे २०२३मध्ये केंद्राने २०२५पर्यंत साडेसात कोटी माणसांना रक्तदाब-मधुमेहाच्या नियमित उपचारावर आणण्याचं लक्ष्य जाहीर केलं. औषधखरेदीसाठी राज्याने स्वतंत्र प्राधिकरण नेमलं.

कायदा मात्र जुनाच आहे. १३ मार्च २०२०ला महाराष्ट्राने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगमधला. काय बंद करता येईल, कोणाला अडवता येईल, हे सांगण्यासाठी तो केलेला. २०२०मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा देण्यासाठी. तीही गरजेची होती. साथ चालू असताना बाकीच्या आजारांचे उपचार चालू ठेवण्याचं बंधन त्यात तेव्हाही आलं नाही. म्हणून मागणं जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा परिषदांकडे आहे. पुढच्या वेळी पहिला बंदी आदेश काढाल, तेव्हा बंद गोष्टींच्या यादीआधी एक ओळ लिहा: बीपी, शुगर, फिट्स, दमा आणि मानसिक आजार यांच्या तीन महिन्यांच्या गोळ्या कोणत्या गावात, कोणाकडे, कोणत्या दिवशी मिळतील. ती ओळ लिहिता यावी यासाठी लागणारी नावं आणि लागणारा साठा आज, कोणतीही साथ नसताना, गोळा करायला सुरुवात करा.